कानाच्या उंचीवरचे स्पीकर

अन्याय झाला तो सुदाम तांबारे या माणसावर. एकोणीसशे ऐंशी सालच्या खंडेनवमीला, सकाळी, भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फोर्जिंगच्या कारखान्यात, यंत्रांची पूजा चालू असताना. कारखान्याचं नाव मी लिहीत नाही. तसे कारखाने एकापेक्षा जास्त आहेत आणि एकाचं नाव घेतलं की बाकीचे सुटल्यासारखे होतात.

झालं ते असं. वर्षभर तापल्या लोखंडावर आदळणारा मोठा हॅमर त्या दिवशी बंद होता. सुदाम त्या हॅमरवरचाच कामगार. तो खांबाला झेंडूचं तोरण बांधत होता आणि त्याची पाठ दाराकडे होती. दारातून मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन आले. त्यांनी सुदामला बाजूला व्हायला सांगितलं. पुन्हा सांगितलं. तो तोरणाची गाठ मारत राहिला. एरवी यंत्रांच्या आवाजाची सबब चालून गेली असती, पण त्या सकाळी तिथे इतकी शांतता होती की उदबत्तीची राख गळाली तरी कळावी. पाहुण्यांदेखत आपला अपमान झाला असं साहेबांना वाटलं. दुपारी सगळ्यांना प्रसादाचे पुडे मिळाले. सुदामला पुडा मिळाला आणि निलंबनाचा कागदही मिळाला. हुकूम मोडला, हा गुन्हा.

यंदाही नवरात्र आलंय. पावसाळा संपून ऊन अंगाला चिकटायला लागलंय, चऱ्होलीकडून झेंडूच्या पोत्यांनी भरलेल्या बैलगाड्या आळंदी रस्त्याने येतायत, आणि भोसरीत ग्रीसच्या वासात तो फुलांचा कडवट वास मिसळलाय. मला हा वास आवडतो. दोन वर्षांपूर्वीच्या त्या महिन्याचा तो वास आहे. दसरा ते दिवाळी. त्या दिवसांत आम्ही एका फियाटला स्पीकर बसवत होतो.

फियाट देशपांडे सरांची. सर चिंचवडच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे, मीही त्यांचीच विद्यार्थिनी. गाडी त्यांना सासऱ्यांकडून आली होती, रंग उडालेली, पण सर तिला रविवारी अशी पुसायचे की जणू तंबोराच पुसतायत. त्यांचं एक स्वप्न होतं. भाच्याने कुवेतहून गाडीत बसणारा कॅसेट प्लेअर आणून दिला होता, आणि त्याचे स्पीकर गाडीत नेमके कुठे बसवायचे याचा सर वर्षभर विचार करत होते. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी गाडीचं चित्र काढलं होतं. पुढच्या दारांत दोन, मागच्या काचेखालच्या फळीवर दोन. कुठल्या आसनावर कुठला आवाज कसा पोचेल त्याच्या बाणांच्या रेघा. खोडून पुन्हा काढलेल्या. एखाद्या घरात मुलीचं लग्न ठरत असावं तसं ते चाललं होतं.

मी गेले आणि म्हणाले, सर, गाडी हवी. आमची कामगार समिती सुदामसाठी प्रचार करतेय, टपावर दोन भोंगे बांधायचेत.

सरांनी चित्राकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. गाडी देतो म्हणाले. पण टपाला भोकं पाडायची नाहीत आणि आवाजाची मांडणी मी करणार.

मी म्हटलं, "सर, प्रचार करायचाय. मैफल नाही."

"मैफलीत लोक ऐकतात गं," ते म्हणाले. "तुमच्या प्रचारात ऐकतात का, ते आधी बघ."

मला राग आला. तेव्हा मला फार लवकर राग यायचा, अजूनही येतो, आणि त्याबद्दल मला काही वाईट वाटत नाही. सायक्लोस्टाइलवर पत्रकं काढून काढून माझं बोलणंही पत्रकासारखं झालं होतं. प्रत्येक वाक्याच्या शेवटी मूठ वळलेली. पत्रकात आम्ही सुदामला स्वाभिमानी कामगार म्हटलं होतं. सुदामने साहेबाचा उर्मट हुकूम ऐकला आणि ताठ मानेने धुडकावला, असं. हे आमच्या मनाचं नव्हतं. विचारलं तेव्हा सुदाम स्वतःच तसं म्हणाला होता. ऐकलं, पण हाललो न्हाय. कामगारांना ते भारी आवडलं. चहाच्या टपरीवर लोक त्याच्या पाठीवर थाप मारायचे. काय तांबारे, जिरवली राव साहेबाची. सुदाम हसायचा. धाराशिवकडचा उंच, सावळा माणूस, हसला की खाली बघायचा.

भोंगे टपावर चढले. भोकं पाडली नाहीत, सामानाचा कॅरियर आणून त्यालाच बांधले. अॅम्प्लिफायर मागच्या सीटवर, गाडीच्या बॅटरीवर चालणारा. पहिली चाचणी भोसरीतल्या मोकळ्या मैदानात झाली. मी गाडीशेजारी माइक घेऊन उभी राहिले, समोर सुदाम आणि त्याच्या शॉपमधले, म्हणजे हॅमरच्या विभागातले, काही जण. मी बोलले. ऐकू येतंय का? सगळ्यांनी माना हलवल्या. येतंय, ताई, एकदम खणखणीत. मी मागे सरकून बोलले, आणखी मागे जाऊन बोलले. माना हलतच राहिल्या. सर म्हणाले, भोंग्याचा आवाज फार चिरका आहे, समोरच्या भिंतीवर आपटून परत येतोय. मी म्हटलं, ज्यांनी ऐकायचं त्यांना ऐकू येतंय ना, मग झालं.

दिवसभर भोंगे चालवून बॅटरी उतरली आणि परतताना फियाट सुरूच होईना. हॅमर शॉपच्या त्या माणसांनी ती नाशिक रस्त्यापर्यंत ढकलत आणली. ढकलता ढकलता एक जण म्हणाला, ताई, कंपनीत ओव्हरटाइमचं निदान नाव तरी असतं.

पुढच्या आठवड्यात शिफ्ट सुटायच्या वेळी आम्ही गेटसमोरच्या रस्त्यावरून गाडी हळूहळू फिरवली. मी आत बसून बोलत होते. काच वर, कारण भोंग्याचा आवाज माइकमध्ये घुसून शिट्टी वाजायची. सायकलींचा लोंढा बाहेर आला. मशीन शॉपच्या माणसांनी माना वळवल्या, काही थांबले. हॅमर शॉपची माणसं आपापल्या डब्याच्या पिशव्या हँडलला अडकवून सरळ समोर बघत निघून गेली. त्यांच्याच माणसाबद्दल मी घसा फोडत होते आणि त्यांच्यातल्या एकाचीही मान वळली नाही.

मला वाटलं, घाबरले. सरांनी गाडी पुढे घेतली.

चऱ्होलीचा तो रस्ता आता कसा आहे ते जाऊन बघा. अजून तरी झेंडूचे पट्टे आहेत, ज्वारी पोटरीला आली की वाऱ्याने सळसळते, आणि मध्येच कुणीतरी शेतात प्लॉट पाडल्याचे दगड रोवलेत. तेव्हा दगड नव्हते. रविवार होता, भोंग्यांची तोंडं फिरवून पुन्हा चाचणी घ्यायला आम्ही तिकडे गेलो होतो. भिंती नाहीत, यंत्रं नाहीत, म्हणून सरांनी ती जागा निवडली. शेताच्या तोंडाशी सर गाडी वळवायला लागले. सुदाम खाली उतरून मागे गेला होता आणि आमच्याकडे पाठ करून फुलं बघत उभा होता. गाडी मागे जायला लागली. मी हातातल्या माइकवरच म्हटलं, "सुदामभाऊ, बाजूला व्हा, गाडी मागे येतेय."

शेतात फुलं तोडणाऱ्या बाईने मान वर केली. बांधावरच्या बैलाने कान हलवले. सुदाम उभाच. मी पुन्हा ओरडले. सरांनी करकचून ब्रेक दाबला. बंपर त्याच्या पोटरीला टेकला तेव्हा तो वळला, आणि आमचे चेहरे बघून त्याने विचारलं, काय झालं?

मी त्याला आत यायची खूण केली. गाडीत तो पुढच्या सीटवर बसला होता. थोड्या वेळाने मी मागच्या सीटवरून, नेहमीच्या आवाजात, चहा घ्यायचा का म्हणून विचारलं. तो खिडकीबाहेर ज्वारी बघत राहिला. सरांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात सगळं कळलं. मैदानातल्या त्या माना हलत होत्या, कारण मी त्यांच्या समोर उभी होते आणि ते माझे ओठ वाचत होते. हॅमर शॉपमध्ये कोणी कोणाला ऐकत नाही. तिथे तोंडाकडे बघून आणि हाताच्या खुणांनी काम चालतं. वर्षानुवर्षं तसंच चाललं की माणसाला आपल्याला ऐकू येत नाही हे कळतही नाही, आणि कळलं तरी शेजारचाही तसाच, त्यामुळे ते कुठे नजरेत भरत नाही.

संध्याकाळी सुदामच्या खोलीवर गेलो. भाड्याची एक खोली, भिंतीला निळा रंग. त्याची बायको कौसल्या चुलीपाशी होती. आम्ही काही विचारायच्या आत तिनेच दाखवलं. चहा झाला तशी तिने त्याला हाक मारली नाही. लाटण्याने फरशीवर ठोकलं. दाराकडे तोंड करून बसलेला सुदाम लगेच वळला. म्हणाली, "मी हाक मारीतच न्हाय आता. जमीन त्यांना कळती."

मग सुदाम बोलला. चिडून बोलला असता तर मला सोपं गेलं असतं. तो शांतपणे बोलला.

"ताई, उद्धट म्हणून घरी बसलो तर दुसरीकडं काम मिळंल. बहिरा म्हणून बसलो तर कोण घेणार? तुमी छापलंय तेच राहू द्या."

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. त्याच्या शॉपमधल्या कित्येकांनी हेच वाक्य आपापल्या मनात म्हटलं असणार. काम कान नेतं. कान गेले म्हणावं तर काम जातं. म्हणून माणूस उद्धटपणाचा आळ अंगावर घेतो, आणि त्याच्यासाठी लढणारे आमच्यासारखे लोक त्या आळाला हार घालतात. हे कोणी एका दुष्टाने ठरवून केलेलं नाही, हे मला मान्य आहे. पण ठरवून केलं नाही म्हणून ते कमी अन्यायाचं होत नाही.

त्यानंतरचे दिवस मला फार शांत आठवतात. प्रचार तात्पुरता थांबला होता. सर रोज शाळेतून आल्यावर फियाट अंगणात लावायचे आणि सुदामला पुढे बसवायचे. त्याला कानांबद्दल विचारलं तर तो अवघडायचा, पण गाडीच्या स्पीकरांबद्दल विचारलं तर मोकळा व्हायचा. ही सरांची युक्ती असेल किंवा नसेल. त्यांना खरंच स्पीकर लावायचे होते. भोंगे उतरवले. सरांनी आपल्या मैफलीसाठी आणून ठेवलेले कागदी कोनाचे गोल स्पीकर बाहेर काढले. सुतारासारखी करवत घेऊन लाकडी पेट्या केल्या. आधी दारांत धरून बघितले, मग फळीवर, मग मागच्या खिडक्यांत. प्रत्येक ठिकाणी कॅसेट लावून सुदामला विचारायचे, त्याची पाठ स्पीकरकडे करून. आवाज येतो का?

"आवाज येतो," तो म्हणायचा. "बोल येत न्हायत."

एकदा भजनाची कॅसेट लावली. सरांनी विचारलं, मृदंग ऐकू येतो? येतो. एकतारी? जरा जरा. टाळ?

सुदामने मान तिरकी केली. बराच वेळ तशीच ठेवली. "टाळ वाजत्यात व्हय यात?"

अंगणात आम्हाला सगळ्यांना टाळ ऐकू येत होते. सरांनी कॅसेट बंद केली आणि उगाचच स्पीकरच्या तारा नीट करत बसले. पुढे ते मला म्हणाले, शब्दाचे काठ असतात ना, स, त, फ, ट, ते याच्या कानात शिरतच नाहीत. नुसता शब्दाचा फुगवटा शिरतो. भोंगा कितीही ओरडला तरी फुगवटाच मोठा होणार.

कॅलेंडरमागच्या चित्रावर नव्या रेघा आल्या. स्पीकर टपावर नकोत. मागच्या खिडक्यांत ठेवायचे, काच खाली करून, म्हणजे सायकलवरच्या माणसाच्या कानाच्या उंचीवर येतात. आवाज कमी. गाडी उभी. बोलणाऱ्याने आत लपायचं नाही, गाडीच्या पुढे, उजेडात, तोंड दिसेल असं उभं राहायचं. लहान वाक्य, मग थांबायचं. मला सर म्हणाले, तुझा आवाज वरचा आहे, जरा खालून बोल, आणि घाई करू नकोस. वक्तृत्व स्पर्धेत मला मिळालेल्या कपांबद्दल कुजकं काहीतरी बोलले, ते मी इथे लिहीत नाही.

आणि खरोखरच, पुढच्या वेळी गेटपाशी माणसं थांबली. हॅमर शॉपचीसुद्धा. त्यांना सायकली रेटत पुढे यावं लागलं नाही की कानाला हात लावावा लागला नाही. मी तेच बोलत होते, हळू. सुदामला कामावर घ्या. हुकूम मोडल्याचा आरोप मागे घ्या. कानांबद्दल चकार शब्द नव्हता, तसं सुदामला वचन दिलं होतं. तो गाडीला टेकून उभा होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. समोरच्या त्याच्या शॉपच्या माणसांकडे बघत होता. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती, सगळीच्या सगळी, शाळेतल्या पोरांसारखी. ते बघून त्याच्या मनात काय झालं ते मला सांगता येणार नाही. दिवाळीच्या तोंडावर आम्ही पुन्हा गेटवर गेलो तेव्हा मी बोलायला सुरुवात करणार एवढ्यात त्याने माइकसाठी हात पुढे केला.

माइक त्याने जरा लांबच धरला, आपला आवाज किती मोठा आहे हे त्याला माहीत नव्हतं. म्हणाला, "मी उद्धट न्हाय. साहेबाची हाक मला ऐकूच आली न्हाय. माझं कान गेल्यात." मग थांबला. सरांनी सांगितलं होतं तसा. "हॅमरवाले आहेत त्यांनी माझ्याकडं पाठ करा. मी काय बोलतो ते कळतं का बघा."

आधी कोणी हललं नाही. टपरीवरून कोणीतरी टोमणा मारला, काय तांबारे, जादूचे प्रयोग का? मग एक वयस्क माणूस सायकल स्टँडला लावून वळला. मग दुसरा. थोड्या वेळात बरीच माणसं आमच्याकडे पाठ करून, डब्याच्या पिशव्या हातात घेऊन, कारखान्याच्या भिंतीकडे तोंड करून उभी होती. सुदाम बोलला. कौसल्येचं नाव घेतलं, लाटण्याचं सांगितलं, आपल्याला पोरीचं रडणं ऐकू येत नाही हे सांगितलं. मशीन शॉपचे लोक खाली बघायला लागले. मग त्याचं बोलणं संपलं आणि त्याने माइक मला दिला.

पाठमोरी माणसं तशीच उभी होती. बोलणं संपल्याचं त्यांना कळलं नव्हतं.

कोणी घोषणा दिली नाही. मीही दिली नाही. ती माणसं आपणहून, एकेक करून, मागे वळून बघेपर्यंत आम्ही थांबलो.

आता इथे सुखाचा शेवट लिहिता आला असता, कारण दिवाळीच्या आधी सुदामला कामावर घेतलं. आरोप मागे घेतला. आमच्या समितीने मग मागणी केली की हॅमर शॉपच्या सगळ्या कामगारांचे कान डॉक्टरांकडून तपासा. पत्रकं काढली, सह्या घेतल्या, आणि पुढच्या उन्हाळ्यात कंपनीने ती मागणी मान्य केली. तपासणी झाली. ज्यांचे कान गेले होते त्यांना ते काम करायला अपात्र ठरवून घरी पाठवलं. कागद अगदी सभ्य भाषेत होते. पहिला कागद सुदामचा, कारण त्याने गेटवर सगळ्यांसमोर कबूलच केलं होतं.

साहेबांशी मी भांडायला गेले होते. ते म्हणाले, तुम्हीच तर तपासणी मागितलीत. खरं होतं. आम्ही मागितलं तेच त्यांनी दिलं.

सुदाम आता चाकणच्या बाजारात कांद्याच्या वखारीत भरणी करतो. परवा त्याला भेटून आले. वखारीत कोणी कोणाला हाक मारत नाही, पोतं उचलायचं आणि ठेवायचं. धाकटी पोरगी त्याच्या समोर येऊन उभी राहते, हनुवटी धरून त्याचं तोंड आपल्याकडे वळवते आणि मग बोलते. तिला तसं कोणी शिकवलेलं नाही. मी विचारलं, गेटवर बोललात त्याचा पस्तावा होतो का? त्याने कांद्याचं साल बोटांनी चुरलं. म्हणाला, बोललो ते बरंच केलं, ताई. पण आधी कंपनीकडनं कायतरी लिहून घ्यायला पायजे हुतं.

देशपांडे सरांच्या फियाटमध्ये आता चारही स्पीकर बसलेत, चित्रातल्या जागी. रविवारी सकाळी रहाटणीच्या बाजूला, जिथे अजून शेतं आहेत, ते गाडी उभी करून ऐकतात. मीही कधी जाते. आवाज खरंच सुरेख आहे, काना-कोपऱ्यातून येणारा, कुठेही न आपटणारा. टाळ इतके स्वच्छ ऐकू येतात की माझ्याच्याने फार वेळ बसवत नाही.

तुम्ही हे वाचताय म्हणजे तुम्ही कुठल्या तरी ऑफिसात, वर्गात किंवा शॉप फ्लोअरवर आहात. तुमच्या ओळखीत हॅमर, प्रेस किंवा रिव्हेटिंगवर काम करणारा कोणीतरी असेलच, भाऊ, भाडेकरू, वर्गातल्या मुलाचे वडील. त्याच्या कानांची तपासणी मागा. पण त्याआधी, तपासणीच्या अर्जाच्याही आधी, कंपनीकडून एक ओळ सही-शिक्क्यासह घ्या: कान गेलेल्या कामगाराला कामावरून काढणार नाही, त्याच पगारावर दुसरं काम देऊ. ती ओळ हातात आल्याशिवाय कोणाही माणसाला डॉक्टरपुढे उभं करू नका. आणि ती ओळ मागायला एकट्याने जाऊ नका.